इंग्रजी शब्दांचे मराठी माहेर

इंग्रजी शिकविण्याचा व्यवसाय ज्यांनी पत्करला, त्यांची एका प्रश्नातून कधीच सुटका होत नाही. अमुक वाक्प्रचाराचा अर्थ काय, हे विद्यार्थ्यास कोशात सापडते. हल्ली तर हातातील यंत्रावर निमिषार्धात उमटते. परंतु ‘असे का म्हणतात?’ हा प्रश्न मागे उरतोच, आणि त्याचे उत्तर मास्तरांनी द्यावे अशी अपेक्षा असते. अशा वेळी एखादी चटकदार आख्यायिका सांगून वेळ मारून नेण्याचा मोह आमच्या व्यवसायबंधूंस पुष्कळदा होतो. आख्यायिका विद्यार्थ्यांच्या जन्मभर ध्यानात राहते, आणि खरे मूळ कायमचे झाकले जाते.

आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते इंग्रजीतील असे काही शब्द व अशी काही टोपणनावे, की ज्यांचा माग काढीत गेले असता वाटेत लंडन लागत नाही. वसई, नागपूर, नाशिक ही आपलीच ठिकाणे लागतात. ‘मंगूस’ हा शब्द इंग्रजांनी आमच्या मुंगसावरून घेतला, हे बहुतेकांस ठाऊक असते. तेवढ्यावर ‘पाहा, साहेबाच्या भाषेलाही आमच्याकडून उसनवारी करावी लागली!’ असे म्हणून मिशीवर ताव देणारेही आम्हांस भेटले आहेत. शब्दांच्या व्यवहारात अशी जमाखर्चाची वही आम्हांस फारशी मानवत नाही. शब्द कोणाचा, ह्यापेक्षा तो कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या गरजेने आला हे पाहणे अधिक फलदायी असते.

ह्या शब्दांचे भांडार म्हणजे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल ह्या दोघा पंडितांचा १८८६ साली प्रसिद्ध झालेला कोश. त्याचे नावच मौजेचे आहे: ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटून केलेला ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांवर पडला, आणि त्यांच्या जिभेवर त्याचे दोन इंग्रज गृहस्थ झाले. परक्या भाषेतील ध्वनी आपल्या घरच्या ध्वनींच्या साच्यात ओतून घेण्याच्या ह्या प्रकाराला पुढे भाषाशास्त्रात ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ असे नावच पडले. शोकाच्या आरोळीतून विनोदी नाव निघावे, ह्यात नियमाबरोबर थोडी निष्ठुरताही आहे.

कोकणातल्या माणसाने आरंभ बोंबिलापासून करावा हे योग्यच. आमचे घर शाकाहारी; तेव्हा ह्या विषयावरील आमचा अधिकार केवळ कोशापुरता, व पावसाळ्याच्या तोंडी रत्नागिरीच्या बाजारातून जाताना नाकास जे कळते तेवढ्यापुरता. ताजा बोंबील पाण्यासारखा लिबलिबीत. म्हणून वसई-वर्सोव्याकडचे कोळी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या मांडवावर वाळत घालतात. ह्या सुक्या मासळीला इंग्रज ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचे बदक, म्हणू लागले. का, म्हणून विचाराल तर दहांपैकी नऊजण एकच गोष्ट सांगतील. सुक्या बोंबलांची पोती मुंबईहून डाकगाडीने जात, डब्यांना तो वास चिकटे, म्हणून ‘बॉम्बे डाक’. आणि डाकेचे झाले डक! गोष्ट इतकी नीटस बसते की ती खरी असावी असेच कोणासही वाटेल. परंतु आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास प्रथम निघाली ती १६ एप्रिल १८५३ रोजी; आणि बोंबलास बदक म्हटलेले त्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षे छापलेल्या इंग्रजी पुस्तकांतून आढळते. रुळच नव्हते तेव्हा गाडी कोठून, आणि गाडी नव्हती तर वास कशाला?

खरी हकीकत कमी नीटस पण अधिक माणसाळलेली आहे. कंपनी सरकारच्या तिन्ही इलाख्यांतील गोरे लोक एकमेकांस टोपणनावे ठेवीत. बंगालचे साहेब ‘क्वाय-हाय’. कारण पाण्याचा पेलासुद्धा स्वतः न उचलता ‘कोई है?’ म्हणून नोकरास हाक मारण्याची त्यांना सवय. मद्रासचे ‘मल्स’, कारण तेथील मिरपाणी, तमिळांचे ‘मिळगुतण्णी’, इंग्रजी जिभेवर ‘मलिगाटॉनी’ होऊन त्यांच्या जेवणात रोज येई. आणि मुंबईचे ते ‘डक्स’. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टन १८०३ साली मराठ्यांवरील मोहिमेत होते. त्या वेळच्या त्यांच्या लिहिण्यात मुंबईकरांचा उल्लेख ह्याच नावाने आला आहे. बोंबील आवडीने खाणारे म्हणून मुंबईकर ‘बदके’ ठरले, असे यूल-बर्नेल ह्यांचे मत. म्हणजे बंगाल्यातील ऐषआरामी साहेबाने मुंबईतील गरीब भाईबंदास, तो काय खातो ह्यावरून हिणविले. ताटावरून माणसाची पायरी ठरविण्याची ही विद्या आम्हांस तरी परकी वाटत नाही; कोकणात ती घरोघर चालते. १९९५ साली शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले. बदक मात्र बॉम्बेचेच राहिले आहे.

बंगाल्याचा विषय निघाला आहे, तर आणखी एक नाव सांगितलेच पाहिजे. ते सांगताना आमची लेखणी जरा अडखळते. कलकत्त्याच्या इंग्रजांस दुसरे एक टोपणनाव होते: ‘डिचर्स’, म्हणजे खंदकवाले. हा खंदक कशाचा? इंग्रजीत त्यास ‘मराठा डिच’ म्हणत. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत ह्यांच्या फौजा बंगाल्यात उतरल्या, तेव्हा भयभीत झालेल्या कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्याचे योजिले. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला. मराठे काही कलकत्त्यास आले नाहीत, आणि काम तेथेच थांबले. अर्ध्यावर सोडलेल्या खंदकावरून कलकत्तेकरांची थट्टा होत राहिली. पुढे १७९९ साली त्याचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला.

इंग्रजांच्या लेखी ही थट्टा. आमच्या काही वाचकांस तो कदाचित अभिमानाचा विषय वाटेल. तथापि खंदकाच्या आत आश्रय न मिळालेल्या बंगाली खेडुताने ह्याच मराठ्यांस काय नाव ठेविले, तेही पाहावे. ते नाव ‘बर्गी’. ज्यास स्वतःचा घोडा नाही, सरकारी घोड्यावर बसून जो चाकरी करतो तो आमचा बारगीर. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. आमच्या दप्तरांत बारगीर हा पगारपत्रकातील एक साधा शब्द आहे. बंगालीत त्याचा अर्थ झाला लुटारू. आणि बर्गी आले म्हणून भीती घालून मुलांस निजविणाऱ्या अंगाईगीतात तो आजपर्यंत टिकला आहे. त्याच काळातील गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ह्या स्वाऱ्यांचे वर्णन ‘महाराष्ट्र पुराण’ ह्या काव्यात केले आहे. ते महाराष्ट्रीय वाचकाने आवर्जून वाचावे असे आहे, सुखावह मुळीच नाही. अटकेपार झेंडे लावल्याचा वाक्प्रचार आम्ही मुलांस शिकवितो. ‘बर्गी’ हा शब्द एखाद्या क्रमिक पुस्तकात त्याच्या शेजारी बसलेला आम्ही अद्याप पाहिला नाही.

टोपणनावे नेहमी हिणविण्यासाठीच ठेवतात असे मात्र नाही. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने आली, तळेगावाहून तिला मागे फिरावे लागले आणि वडगाव येथे तह करून तिने मान सोडवून घेतली, हे इतिहासात सर्वांनी वाचले आहे. त्या फौजेत कॅप्टन स्टुअर्ट नावाचा एक शूर अंमलदार होता. तो कार्ल्याजवळ पडला. ज्यांच्या तोफांनी तो पडला त्या मराठ्यांनीच त्यास ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अमर केले. फाकडा म्हणजे धाडसी, ऐटबाज, पाहताच नजरेत भरणारा गडी. मराठे हा किताब आपल्या निवडक वीरांसच देत. येथे हॉब्सन-जॉब्सनचा नियम उलट दिशेने चाललेला पाहून आम्हांस मोठी गंमत वाटते. आरंभी ‘स्ट’ आला की आमच्या जिभेस त्यामागे टेकू लागतो. म्हणून स्टेशनचे इस्टेशन, स्टँपचा इस्टांप, आणि स्टुअर्टचा इष्टुर. शत्रूच्या परक्या नावास आपल्या जिभेवर असे घरपण देणे, आणि त्यापुढे आपला मानाचा शब्द जोडणे, हे मोठ्या मनाचे लक्षण होय. वडगावात त्याची समाधी आहे.

आंब्याविषयी चार शब्द न लिहिता रत्नागिरीकराने लेख संपविला, तर त्यास गावात तोंड दाखविता येणार नाही. आमचा हापूस म्हणजे पोर्तुगिजांचा अफोन्सो, इंग्रजांचा अल्फान्सो. १५१० साली गोवा घेणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाशी तो जोडतात. २०१८ साली हापसास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा नाव पोर्तुगीज आणि माती कोकणची, ही जोडी सरकारदरबारीही पक्की झाली. गोव्यात मात्र मानकुरादचा दिमाख अधिक. ‘मालकोरादा’, म्हणजे रंगाने वाईट, ह्या पोर्तुगीज शेऱ्यावरून हे नाव आले असे सांगतात. साहेबाने ज्यास रंगावरून नापास केले, त्यासच गोवेकराने पहिला नंबर दिला! असो, हंगामात ह्या विषयावर वाद घालण्याची आमची तयारी आहे, लेखात नाही.

आता ज्या शब्दासाठी आम्ही मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळू. इंग्लंडात एखाद्याचे डोके फिरले, तर तो ‘डूलॅली’ झाला असे आजही सर्रास म्हणतात. म्हणणाऱ्या शंभरांतील पाचांसही ठाऊक नसेल की हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. मूळचा प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा दोन शब्दांचा. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. पुढे ताप उतरला, गाव तेवढे राहिले.

येथेही चटकदार गोष्ट तयार आहेच: देवळालीस गोऱ्या शिपायांचे वेड्यांचे इस्पितळ होते, म्हणून हे नाव पडले. ती ऐकून आमचे समाधान झाले नाही. १८६१ पासून देवळालीस इंग्रज पलटणींची छावणी होती. विलायतेहून आलेले शिपाई तेथे उतरत, आणि मुदत भरलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथेच राहत. बोटींचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत मार्च उलटल्यावर भरे, त्यास पुढील हिवाळ्यापर्यंत तेथेच खितपत पडावे लागे. फ्रँक रिचर्ड्‌स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात होता. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने ह्या शब्दाचा उलगडा केला आहे. चाकरी संपलेली, म्हणून काम नाही. सुटका झालेली नाही, म्हणून घर नाही. वर्षानुवर्षे चोख वागलेली माणसे येथे येऊन बिघडत, दारू पीत, तुरुंगात जात, आणि कोणी खरोखरच भ्रमिष्ट होत.

वाचकहो, ही देवळाली आम्हांस कशी ठाऊक आहे? थंड, कोरड्या हवेचे ठिकाण म्हणून. मुंबईची कुटुंबे हवापालटासाठी तेथे जात. पारशी मंडळींनी तेथे आरोग्यभवने उभारली. दमेकऱ्यास डॉक्टर देवळाली सुचवीत. तीच हवा, तेच आकाश. एक मनुष्य तेथे बरा होऊन परते, कारण त्याच्या खिशात परतीचे तिकीट असे. दुसरा तेथेच वेडा होई, कारण त्याच्या खिशात ते नसे. इंग्रजी भाषेने ह्या दुसऱ्याचे दुःख गावाच्या माथी मारले, आणि मग दुःख विसरून गंमत तेवढी ठेविली. १९७४ पासून १९८१ पर्यंत बीबीसीने देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकाही दाखविली.

ह्या शब्दास एक सख्खा भाऊ आहे: ‘ब्लायटी’. तो ‘विलायती’चा गोऱ्या शिपायाने केलेला अपभ्रंश. आमच्याकडे विलायती म्हणजे परदेशी: विलायती चिंच, विलायती औषध. शिपायाने आमचाच शब्द उचलला, आणि त्याच्या तोंडी त्याचा अर्थ झाला ‘आपले घर’. १९१४ च्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत ‘ब्लायटी जखम’ असा एक प्रयोग निघाला. जीव जाणार नाही, पण घरी पाठविल्यावाचून गत्यंतर राहणार नाही, अशा बेताची जखम. आणि ती आपल्यास व्हावी म्हणून माणसे मनोमन इच्छा करीत. ज्या भाषेतून हा शब्द घेतला, त्या भाषेत तो परकेपणाचा वाचक आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांस माहीत असेल?

आजच्या देवळालीत भारतीय सैन्याची तोफखान्याची शाळा आहे. मुंबईहून निघालेल्या गाड्या नाशिक रोडपूर्वी तेथे क्षणभर थांबतात. आमच्या वर्गासाठी आम्ही दरवर्षी जी शब्दसूची करतो, तीत ‘डूलॅली’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. कोशकार त्याचा अर्थ ‘वेडा’ एवढाच देतात. आम्ही लिहून देतो, ‘घरी जाण्याची वाट पाहून पाहून भ्रमिष्ट झालेला’. आणि त्याखाली, जिल्हा नाशिक.