तिठ्यावरची पायरी

हातखंबा, ७ जून
स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत आईचं वजन वाढलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अंग धरलंस गो!" पण तिठ्यावर एसटीत चढताना तिचा पाय पायरीवर नुसताच टेकला, अंग वर उचलेना. कंडक्टरने हात दिला. वजन भरलेल्या बाईची ही गत का व्हावी?

८ जून
वाचत बसले. स्नायू झिजतात, त्यांच्या जागी चरबी साठते. काटा हलत नाही, कधी वरच जातो. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या ३,२४१ बायकांचे, आजार कळला त्या सुमाराचे सीटी स्कॅन तपासले. निष्कर्ष २०१८ साली आले. सुमारे एक तृतीयांश बायकांचे स्नायू तेव्हाच कमी होते, आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका ४१ टक्के अधिक. वजन-उंचीच्या हिशेबात यातलं काही दिसत नव्हतं. केमोचा डोस बहुतेकदा त्याच हिशेबाने ठरतो. स्नायू कमी असले की काही औषधं जास्त बाधतात.

११ जून
पाऊस धरलाय. आत्याचा फोन: "तिला पडून राहू दे, कळशीसुद्धा उचलू देऊ नको." ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात सुजेल ही सगळ्यांचीच धास्ती. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात सुजलेल्या १४१ बायका होत्या. त्यांच्यातल्या ज्यांना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला लावली, त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही. ताकद वाढली, त्रास कमी झाला. माया करता करता आपण बाईला अंथरुणाला खिळवतो, याचा मला राग येतो.

१५ जून
पेज, मऊ भात, लोणचं. आजाऱ्याचं म्हणून हेच ताट. कर्करोगात दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. आई साठ किलोची. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम असतात, पण पिठीला पीठ लागतं मूठभर. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजा बांगडा कुठला? म्हणून अंडी, उसळ, घट्ट दही. तोंडाला चव नाही, तेव्हा थोडं थोडं, दिवसभर.

१९ जून
डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिलाय: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. आई दात-ओठ खात उठते, मग माझ्यावरच चिडते.
परळला टाटा हॉस्पिटलात दाखवायला जाऊ तेव्हा विचारायचं: पोटाचा सीटी झालेलाच आहे. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायू किती, ते त्यातून मोजून मिळेल का?