मुंब्रा : भिंतीला भिंत, दाराला दार

गेल्या वर्षी ठाण्याला शिक्षकांचे एक प्रशिक्षण होते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंशी दुपारी डबा खाताना ओळख झाली. त्या डोंबिवलीच्या, मी मुंब्र्याची. "मुंब्रा?" म्हणून त्या क्षणभर थांबल्या. मला त्या थांबण्याची सवय आहे. मग त्यांनी अगदी आपुलकीने विचारले, "तिथे राहायला कसे वाटते हो?" मी लगेच म्हणाले, "आमच्याकडे शेजार फार चांगला आहे. अर्ध्या रात्री हाक मारली तरी चार दारे उघडतात."

उत्तर खोटे नव्हते. पण संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये बसले आणि मनात आले, हे उत्तर देण्याचा मला हक्क आहे का? कारण त्या चार दारांपैकी एका दारामागे काय चालले होते, हे मला एकदा दोन आठवडे कळले नव्हते. तीच गोष्ट आज सांगायची आहे. पण आधी थोडे आमच्या गावाविषयी.

ठाण्याहून निघालेली धिमी लोकल कळवा सोडते आणि रूळ पारसिकच्या डोंगराला बिलगतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळ्यात डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरताना दिसतात. 1853 साली मुंबई ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली, ती याच डोंगराच्या कडेने. जलद गाड्यांसाठी 1916 साली डोंगराच्या पोटातून एक किलोमीटरहून लांब बोगदा काढला. 2022 पर्यंत जलद लोकल डोंगर पोखरून पुढे जात. मुंब्र्याला थांबते ती धिमी. आमच्या इथली माणसे गमतीने म्हणतात, घाई असलेल्या माणसाने मुंब्र्यात घर घेऊ नये.

मुंब्रा, कौसा ही मूळची छोटी गावे. कोकणी मुसलमानांची कौलारू घरे, आगरी वस्ती, भाताची शेते, खाडीवर रेतीच्या होड्या. रेतीबंदर हे नाव त्यातूनच आले. डोंगरावर मुंब्रादेवीचे देऊळ, त्याचे दिवे रात्री खालून दिसतात. जुना मुंबई-पुणे रस्ता गावाच्या मधून जायचा. डोंगराच्या कडेने बायपास झाला नव्हता तोवर पुण्याकडचे ट्रक आमच्या बाजारातूनच जात असत.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 नंतर हे सगळे बदलले. मुंबईत ज्यांची घरे जळाली, आणि ज्यांची जळाली नाहीत पण झोप उडाली, अशी हजारो कुटुंबे इथे आली. त्यांत आम्हीही होतो. मी अकरा वर्षांची होते. अब्बांनी चाळीतली खोली मिळेल त्या भावाला विकली. टेम्पोत दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि पाण्याचे पितळी पिंप. अम्मीने ते पिंप मांडीजवळ धरले होते, जणू तेच घर होते. इथे उतरलो तेव्हा इमारतीला प्लास्टर नव्हते, जिन्याला कठडा नव्हता आणि वीज असायची त्यापेक्षा नसायची जास्त. अम्मीने रत्नागिरीकडचे आपले गाव सोडून मुंबई धरली होती, आता मुंबई सोडून हे. ती पहिल्या रात्री एवढेच म्हणाली, "इथे निदान दार उघडे ठेवून झोपता येईल."

त्या एका वाक्यात मुंब्र्याचा अर्धा इतिहास आहे. माणसे इथे शेजार निवडून आली नाहीत. भीतीने आली, भाडे परवडते म्हणून आली, आपली भाषा बोलणारा एक तरी माणूस भेटेल म्हणून आली. इमारती घाईघाईने उभ्या राहिल्या, एकीची खिडकी दुसरीच्या खिडकीला टेकलेली. समोरच्या घरात डाळीला फोडणी दिली की ठसका आपल्याला लागतो.

आता मी राहते ती इमारत कौशाच्या बाजूला आहे. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसायचे. चौथा उतारू ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर लटकतो. गुलाब पार्कचा बाजार आला की रिक्षा चालत नाही, सरकते. भाजीच्या गाड्या, बुरख्याची दुकाने, अत्तरवाले, बेकरीबाहेर नानसाठी रांग, मध्येच शाळेतून सुटलेली मुले. त्या गर्दीत "सलाम टीचर!" असे कुणीतरी ओरडते आणि कोण ते कळायच्या आत नाहीसे होते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे बाजारात मला टोमॅटोचा भावही शुद्ध मराठीत सांगणारे विद्यार्थी भेटतात.

खाली दुकाने, वर पाच मजले, लिफ्ट नाही. मजल्यावर चार दारे, म्हणजे एकूण वीस कुटुंबे. आम्ही कोकणचे, खालच्या मजल्यावर सोलापूरचे, वर मधुबनीचे, समोर आझमगढचे. सकाळी पावणेसहाला पाणी येते, ते तासभर. फजरच्या नमाजाबरोबर बादल्यांचा आवाज सुरू होतो. कुणाची मोटर बिघडली तर शेजारच्या घरातून पाइप येतो. सोलापूरच्या काकूंकडून शेंगदाण्याची चटणी येते, आमच्याकडून घावने जातात. कुणाचे मूल आजारी पडले की रिक्षा आणायला एक धावतो आणि दवाखान्याच्या रांगेत दुसरा उभा राहतो. मय्यत झाली की त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण बाकीच्या मजल्यांवरून येते. कोणी यादी करत नाही, पण दोन घरांतून एकाच वेळी डाळ-भात आला असेही होत नाही. बायका जिन्यातच ठरवतात.

आणि रमजानमध्ये ताटे. असरनंतर जिन्यात मुलांची ये-जा सुरू होते. रुमालाने झाकलेले ताट या दारातून त्या दारात. स्टीलच्या ताटांच्या कडेला नावे कोरलेली असतात, म्हणून हरवत नाहीत. नियम एकच, ताट रिकामे परत करायचे नाही. आज आमच्याकडून भजी गेली तर उद्या त्याच ताटात दहीवडे येतात.

काही वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. समोरच्या आझमगढच्या भाभींशी आमची ताटाची देवघेव दहा वर्षांची. त्यांचे यजमान मुंबईत बॅगा शिवण्याच्या कारखान्यात कारागीर. तीन मुले, थोरली माझ्याच शाळेत आठवीत. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून नेहमीसारखी मसालेदार घुगनी आली. मग फोडणी दिलेले काळे चणे. मग एकदा ताटात कापलेले एक कलिंगड, तेही अर्ध्याहून कमी. मग खजूर, मोजून पाच. एके दिवशी ताट आले त्यात फक्त साखर होती, वाटीभर, वर स्वच्छ रुमाल.

हे सगळे माझ्या हातातून गेले. ताट घेतले, रिकामे केले, धुतले, दुसऱ्या दिवशी भरून पाठवले. माझ्या मनात आले ते इतकेच, की भाभींना यंदा वेळ मिळत नसेल. त्या वेळी माझे पेपर तपासायचे होते, शाळेचा निकाल लावायचा होता, मुलाला ताप होता. कारणे होतीच. कारणे नेहमी असतातच.

तिसऱ्या अशऱ्यात अम्मी आमच्याकडे राहायला आली. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारे, पण डोळे शाबूत. मगरिबच्या आधी ताट आले. पुन्हा साखर. अम्मीने रुमाल उचलला आणि माझ्याकडे पाहिले.

"हे काय गो?"

"समोरून आले. त्यांना वेळ नसतो हल्ली."

"किती दिवस असे येते?"

मी आठवू लागले आणि आठवता आठवता माझाच आवाज बसला. अम्मी काही रागावली नाही. एवढेच म्हणाली, "ताट रिकामे पाठवायचे नाही म्हणून ती घरातली साखर पाठवते. पोरांच्या चहात काय घालत असेल?"

रोजा सोडताना घशाखाली घास उतरला नाही. नंतर कळले ते असे. शाबानमध्येच कारखाना बंद पडला होता. मालकाने जागा सोडली, दोन महिन्यांची मजुरी राहिली. यजमान रोज सकाळी डबा घेऊन नेहमीच्या लोकलने मुंबईला जात होते, काम शोधायला. डबा यासाठी की इमारतीत कुणाला कळू नये. डब्यात काय असे, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. आमच्या आणि त्यांच्या दारांत चार फुटांचे अंतर. त्यांच्या घरात कपबशी फुटली तर मला ऐकू येते. पण हे ऐकू आले नाही.

मी पाकिटात पैसे घालून जायला निघाले, तेव्हा अम्मीने हात धरला. "पैसे घेऊन गेलीस तर उद्यापासून ती जिन्यात तुझ्या नजरेला नजर देणार नाही. थांब." दुसऱ्या दिवशी ती स्वतः समोर गेली. भिंतीला धरून, गुडघ्यांवर हात ठेवत. भाभींना म्हणाली, "बेटी, माझ्या हाताने आता रोटी लाटवत नाही, आणि माझ्या पोरीची रोटी म्हणजे नकाशा असतो. सत्ताविसाव्याला आमच्याकडे वीस माणसे इफ्तारीला आहेत. पीठ, तेल मी पाठवते. तू करशील का? मेहनतीचे घ्यावे लागतील, नाहीतर मी बाहेरून आणेन." वीस माणसे कुठे होती? ती मग आम्हाला बोलवावी लागली.

भाभींनी त्या दिवशी साठ रोट्या केल्या, पातळ, मऊ, एकसारख्या. खाऊन गेलेल्यांपैकी दोघींनी विचारले, कुणी केल्या? ईदपर्यंत त्यांना चार घरांची ऑर्डर मिळाली. इमारतीतल्या दोघा-तिघांनी गाजावाजा न करता भाड्याचे पाहिले. थोरलीच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचे मी पाहिले, तेवढे तरी माझ्या हातात होते. यजमानांना पुढे भिवंडीत काम मिळाले. दीड वर्षाने भाडेकरार संपला तेव्हा ते तिकडेच राहायला गेले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (र.) यांना केलेला उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो, की रस्सा शिजवताना पाणी थोडे जास्त घाला आणि शेजाऱ्यांची खबर घ्या. त्या उपदेशात दोन गोष्टी आहेत. मी पहिलीच पाळत होते. माझ्या रश्श्यात पाणी होते, ताट रोज जात होते. दुसरी गोष्ट, खबर घेणे, ती राहून गेली होती. ताट पाठवायला हात पुरतो. खबर घ्यायला थांबावे लागते, परत आलेल्या ताटाकडे नीट पाहावे लागते.

म्हणून डोंबिवलीच्या त्या बाईंना दिलेले उत्तर मला पुरे वाटले नाही. आमच्या मुंब्र्यात भिंतीला भिंत आहे हे खरे. हाक मारली तर चार दारे उघडतात हेही खरे. पण सगळेच हाक मारत नाहीत. काही जण डबा हातात घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, सलाम करत जिना उतरतात. जिथे माणसे भीतीमुळे एकत्र आली, तिथे अब्रू जपण्याची सवयही मोठी असते. मुंबईतले घर गेले, सामान गेले, राहिली ती तेवढीच. मुंब्र्याच काय, कल्याण, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, जिथे जिथे आपली माणसे दाटीने राहतात तिथे हेच असणार. जवळ राहणे आपोआप घडते. शेजारी होणे रोज करावे लागते.

अम्मी आता नाही. तिचे पितळी पिंप आमच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मी तांदूळ ठेवते. समोरच्या घरात वर्षभरापूर्वी एक तरुण जोडपे आले आहे. दोघेही नोकरीला जातात, रात्री उशिरा येतात, दार बंद असते. दाराबाहेर पार्सलची खोकी दिसतात, माणसे दिसत नाहीत. इमारतीत म्हणतात, "ते मिसळत नाहीत." मीही दोन-तीनदा म्हटले असेन. परवा लक्षात आले की वर्ष झाले, मुलीचे नाव मला ठाऊक नाही.

येत्या जुम्म्याला सुट्टी आहे. घावन्यांचे पीठ भिजवणार आहे. ताटावर रुमाल घालून ते मुलाच्या हाती न देता मीच घेऊन जाणार आहे, आणि दार उघडले तर दोन मिनिटे थांबणार आहे.