जाऊ का

कानात यंत्र घातल्यापासून मला पंखा ऐकू येतो. माझ्या खोलीतला पंखा कित्येक वर्षं कुरकुरतो आहे, हे मला सोडून सगळ्या शाळेला ठाऊक होतं. खोली म्हणजे पूर्वीची नकाशांची खोली. गुंडाळलेले खंड अजून कोपऱ्यात उभे आहेत. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे, पण मुलं अजूनही ‘नकाशात जाऊन येतो’ म्हणतात. मला ते पाटीपेक्षा जास्त आवडतं. कुणी कशासाठी गेलं ते त्यातून कळत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. रेघ डावीकडून मध्यापर्यंत बरी चालते आणि पुढे आंबा घाट उतरावा तशी खाली जाते. वयानं जाणारा कान असाच जातो, ते म्हणाले. उंच पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, थ, ट. स्वर राहतात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. कुजबुज सगळ्यात वाईट, कारण कुजबुजताना स्वरयंत्र थरथरतच नाही, नुसता श्वास येतो. ते हे सांगत होते आणि मी मनात हिशोब करत होते. वर्गात मराठी शिकवणाऱ्या बाईचं फारसं बिघडत नाही, वर्गात तीच बोलत असते. पण नकाशाच्या खोलीतलं माझं सगळं भांडवल कुजबुजीत आहे.

हे काम करणाऱ्याला उंबरठ्यावरचं वाक्य समजावून सांगावं लागत नाही. पोरगं अर्धा तास गणिताबद्दल बोलतं, बाकावरच्या शेजाऱ्याबद्दल बोलतं, पंख्याकडे बघतं. मग उठतं. बाहेर काढून ठेवलेल्या चपलेत पाऊल घालता घालता, पाठ आपल्याकडे आणि मान खाली, अशा बेतानं एक वाक्य टाकतं. त्या एका वाक्यासाठी अर्धा तास खर्च झालेला असतो. आणि ते एकदाच येतं. ‘काय म्हणालास रे?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काय नाय.’ त्या ‘काय नाय’नंतर महिनाभर ते पोर तुमच्या वाऱ्याला उभं राहत नाही.

या एका अडचणीवर मी जेवढा विचार केला तेवढा माझ्या संसारावर केला नसेल. ऐकू न आलेलं वाक्य परत कसं मागायचं? शेवटचा ऐकू आलेला शब्द प्रश्नासारखा म्हणून पाहिला. तो चुकीचा ऐकलेला असला तर मूल दचकतं. पंख्याचं बटण दाराशी आहे म्हणून ते बंद करायच्या निमित्तानं मुलाबरोबर दारापर्यंत जाऊ लागले. मुलांनी मग वाक्य जिन्यावर न्यायला सुरुवात केली. चपला आत ठेवायला सांगितल्या, तर गप्पाच आटल्या. चिठ्ठ्यांची पेटी लावली. पहिल्या महिन्यात तिच्यात पाच चिठ्ठ्या: चार पाण्याच्या टाकीबद्दल आणि एक ‘बाई तुम्ही छान दिसता’. ती पाचवी मी अजून ठेवली आहे.

शेवटी मी जे केलं त्याला कसब म्हणत होते. मी ‘हं’ म्हणू लागले. माझा ‘हं’ नावाजलेला होता. ना होकार ना नकार, ना आश्चर्य. मुलाला वाटावं की बाईंना सगळं कळलं. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी मौनावर तासभर बोलले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या टाळ्या मला नीट ऐकू आल्या. बी.एड.च्या मुली निरीक्षणाला यायच्या तेव्हा वहीत लिहून घ्यायच्या: ‘बाई घाईनं प्रश्न विचारत नाहीत.’ विचारणार कशी? निम्म्या वेळा काय विचारायचं तेच कळलेलं नसायचं. बहिरेपणाला मी संयमाचं नाव दिलं होतं.

२०२२ चा जुलै. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा माझ्या खोलीपुढच्या पडवीच्या पत्र्यावर पडतो अशी माझी खात्री आहे. नववीतला मुलगा. वडील मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवर खलाशी, त्या वर्षी आजारी. मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. त्या दोन महिन्यांत त्या घरांत उधारीवर चूल पेटते. हे सगळं त्यानं सांगितलं नव्हतं, पण इथल्या शिक्षकाला जुलैत ते विचारावंही लागत नाही. आम्ही वीस मिनिटं बसलो. तो समासांबद्दल बोलला. उठला, चपलेत पाय घातला, काहीतरी म्हणाला. पत्र्यावर सर आली होती. मला शेवटचं ऐकू आलं, ‘...जाऊ का?’ मी म्हटलं, ‘हो, जा.’

१ ऑगस्टला बंदी उठली आणि मुलगा शाळेत दिसेनासा झाला. निरोप पाठवले. घरी गेले तर दाराला कडी. गणपतीनंतर एका सकाळी मासळी घ्यायला जेटीवर गेले असताना तो बर्फाची टोपली घेऊन समोर आला. हात पांढरे, सुरकुतलेले. मी रागावलेच. तो घरी बोलतो ती बोली न बोलता, माझ्याशी शाळेच्या भाषेत, अगदी स्वच्छ म्हणाला, ‘बाई, मी विचारलं होतं ना तुम्हाला, बोटीवर जाऊ का? तुम्ही जा म्हणालात.’ आवाजात तक्रार नव्हती. परवानगी काढलेल्या माणसाचा आवाज होता.

मला झोंबलं ते निराळंच. पहिला शब्द पावसात गेला, ते कानाचं पाप. पण दुसरा शब्द मला ऐकू आला होता. आमच्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. नकाशाच्या खोलीतून निघताना आजवर प्रत्येक पोर ‘बाई, येतो’, ‘बाई, येते’ म्हणूनच निघालेलं आहे. हा ‘जाऊ का’ म्हणाला. सत्तावीस वर्षं क्रियापदं शिकवणाऱ्या, निबंधात कुणी ‘जाणे’ आणि ‘निघणे’ यांत गोंधळ केला तर लाल रेघ ओढणाऱ्या बाईला हे खटकलं नाही. उत्तरातही मी ‘ये’ म्हटलं नाही. ‘जा’ म्हटलं. यंत्र तेव्हा असतं तरी ही चूक त्यानं टळली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.

त्याला मी १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला, बाहेरून दहावीला बसण्यासाठी. पुस्तकं दिली. मार्च उजाडला तेव्हा बोट समुद्रात होती. तो बसला नाही. त्या वर्षी, २०२४ ला, कोकण मंडळाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला, नेहमीप्रमाणे राज्यात पहिला. शाळाशाळांत पेढे वाटले, आमच्याकडेही. मीही खाल्ला. टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची काढतात.

आता थोडं इतरांबद्दल, कारण त्याशिवाय मला झोप येणार नाही. हल्ली आमच्याकडे ‘करिअर मार्गदर्शन’ म्हणजे ध्वनिक्षेपक. पुण्याहून कुणीतरी येतं, तीनशे मुलांना सभागृहात बसवतं, दोन तास ओरडतं, आणि निघताना ‘काही प्रश्न?’ विचारतं. तीनशे मुलांत उंबरठा कुठे असतो? त्याहून पुढचे ते बोटांचे ठसे घेऊन बुद्धीचा कल सांगणारे. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं याला शास्त्रीय आधार नाही म्हणून सांगितलं, तरी पालक हजारो रुपये मोजतात आणि रंगीत अहवाल माझ्यासमोर आणून ठेवतात. सरकारनं २०१६ साली दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी आणली तेव्हा मला आनंद झाला होता. मुंबईला महापालिका मार्गावरच्या व्यवसाय मार्गदर्शन संस्थेत मी शिकले ते असंच काहीसं. पण चाचणीचा कागद हाती आला की मुलं बोलायची थांबायची. ‘बाई, माझं गणवेशधारी सेवा आलंय.’ संपलं संभाषण. आमच्याच जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचा धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल तुडवत साताऱ्याला गेला, तर तिथल्या परीक्षकांनी, सतरा वर्षांचा दिसत नाहीस, म्हणून परत पाठवला. बघून ठरवणारे तेव्हाही होते. त्यांच्याकडे निदान छपाईयंत्र नव्हतं.

साने गुरुजींचा फोटो माझ्या खोलीत आहे. तेही दापोली तालुक्यातलेच, पालगडचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवताना ते वसतिगृह सांभाळायचे आणि मुलांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक काढायचे. आपल्याकडे त्यांचं रडणं तेवढं उचललं गेलं. मला हेवा वाटतो तो त्या दैनिकाचा. ज्यांना समोर बोलता येत नाही त्यांच्याशी लिहून बोलायचं, हे त्यांना सुचलं होतं. माझ्या पेटीत टाकीच्या तक्रारी आल्या, कारण मी पेटी लावली. मुलांना आधी मी काहीच लिहिलं नव्हतं.

बाहेरच्या मदतीचं म्हणाल तर या गावात मानसोपचार हा शब्दच जड आहे. १८८६ पासूनचं मनोरुग्णालय गावातच. राज्यातल्या अशा चार जुन्या सरकारी रुग्णालयांपैकी एक. तिथले डॉक्टर मला कधीही फोन उचलून उत्तर देतात. पण आईला नुसतं ‘एकदा दाखवून या’ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे ते फाटक येतं आणि ती पदर सावरून उठते. पूर्वी मी पंधरा मिनिटं समजूत घालायचे. आता तीही उंबरठ्यावर काय म्हणते ते ऐकायला मी कान टवकारते. आया पण चपला घालतानाच बोलतात.

यंत्र मी केसांखाली लपवते. रंग निवडताना केसांच्या रंगाचं मागितलं. दुकानदारानं ‘कुठल्या, काळ्या की पांढऱ्या?’ असं विचारलं तेव्हा राग आला. वर्गात मान डावीकडे वळवत नाही, उगीच दिसायला नको. ज्या बाईचं ऐकून घेण्यात नाव आहे तिला ऐकू येत नाही, हे गावभर कशाला?

गेल्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी आली. अर्धा तास मैत्रिणीच्या पेन्सिलबॉक्सवर गेला. उठली, चपलांशी पोचली आणि तिथून वळून माझ्या कानाकडे बघत म्हणाली, ‘बाई, ते मशीन आहे ना? माझ्या आजीचं पण आहे.’ माझा हात आपोआप केसांवर गेला. ‘हो,’ म्हटलं. ‘आजी म्हणते समोर बसून बोल, मागून बोललीस तर कळत नाही.’

ती परत आत आली. स्टूल ओढून माझ्या उजव्या बाजूला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असं ठेवलं आणि बसली. तोंड उघडलं, तेवढ्यात पत्र्यावर सर आली. तिनं वर बघितलं.

‘पाऊस जरा कमी होऊ दे,’ ती म्हणाली.

मी उठून पंखा बंद केला, आणि आम्ही बसून राहिलो.