कुठं लिहिलंय?

"दादा, तू पाठवलेल्या यादीतली दोन पुस्तकं जगातच नाहीत."

बहिणीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. ती इतिहासात एम.ए. करतेय. विषय घेतलाय तेर. धाराशिवच्या आमच्या घरापासून जवळचंच गाव. सरांनी १० संदर्भांची सूची मागितली होती. प्रत्येकाखाली चार ओळींची टीप हवी: यात काय आहे, लिहिणारा कोण, यावर किती विसंबायचं.

तिनं मला मदत मागितली. मी चॅटबॉटला विचारलं आणि दोन मिनिटांत यादी पाठवून दिली. लेखक, वर्ष, प्रकाशक, सगळं टापटीप. सरांनी दोन नावांखाली लाल रेघ ओढून विचारलं, "ही पुस्तकं कुठं पाहिलीस?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. टेस्ट न करता कोड पुढं ढकलणाऱ्या ज्युनिअरला मी फैलावर घेतो, आणि इथं मी स्वतः तेच केलं होतं.

शनिवारी घरी गेलो. लॅपटॉप उघडून दोघं बसलो.

पहिली अडचण नावाची. 'धाराशिव' टाकलं की ताज्या बातम्याच येतात. अभ्यासकांचं लेखन 'उस्मानाबाद'खाली सापडतं आणि जुनी कागदपत्रं 'थेर', 'थैर' असं काहीही लिहितात. शिवाय हा भाग निजामाच्या राज्यात. त्यामुळं इंग्रजांनी मुंबई इलाख्याची जी गॅझेटियर काढली, त्यांत आपल्या जिल्ह्याचा खंडच नाही. तो आला महाराष्ट्र झाल्यावर, १९७२ मध्ये.

मग तिला युक्ती सापडली. एक खात्रीचं पुस्तक धरायचं आणि त्याच्या तळटीपांतून मागं मागं जायचं. चापेकरांनी १९५८ मध्ये तेरला उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६९ चा. त्याआधी हेन्री कझिन्स यांचा पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालातला लेख. त्याआधी फ्लीट यांचा १९०१ चा. प्राचीन 'तगर' म्हणजे देवगिरी, जुन्नर की धारूर असा घोळ चालला होता. फ्लीट यांनी तेरकडं बोट दाखवलं. आणि सगळ्यांच्या तळाशी 'पेरिप्लस', पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याची वाटाडी. पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर तगर, तिथलं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाते, असं त्यात आहे. नकाशावर तेर मात्र पैठणच्या आग्नेयेला आहे. बहिणीनं तेही टिपेत लिहिलं.

खरी पंचाईत लक्ष्मीची झाली.

इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली. इ.स. ७९ च्या ज्वालामुखीत ते शहर गाडलं गेलं होतं. "ती मूर्ती आपल्या तेरची" हा मेसेज अण्णांनी निम्म्या गावाला पाठवलाय. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते चहाआधी हेच सांगतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात तशीच हस्तिदंती मूर्ती आहे, हे खरंच. पण तसंच काम भोकरदनलाही मिळालंय. आणि पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलंय, ती लिपी वायव्येकडची. त्यामुळं ती नेमकी कुठं घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

बहिणीनं टीप वाचून दाखवली. अण्णांनी चष्मा काढला.

"म्हणजे आपली नाही?"

"नाही असं नाही, अण्णा. सिद्ध झालेलं नाही, एवढंच."

"मग तू कशाला लिहितेस? आपल्या गावाचं आपणच कमी करायचं का?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उद्या कुणी मला विचारलं, कुठं लिहिलंय, तर? एकदा विचारलंय सरांनी. पुन्हा तसं उभं राहायचं नाही मला."

मी मान खाली घातली. अण्णा उठून अंगणात गेले.

सूचीत शेवटी ८ च संदर्भ भरले. दोन जागा तिनं रिकाम्या ठेवल्या आणि न वाचलेलं लिहिलेलं नाही, असं खाली नमूद केलं. सरांनी सूची ठेवून घेतली.

दिवाळीत मामा आले. अण्णांनी सवयीनं सुरुवात केली, "इटलीत एक मूर्ती सापडली, ती आपल्या तेरची..." मग बहिणीकडं बघितलं, घसा खाकरला.

"तेरसारखी. कुठं घडली ते अजून ठरायचंय. पण आपलं कापड तिकडं जायचं, हे मात्र लिहिलेलं आहे. कुठं लिहिलंय ते हिला विचारा."