आठ मिनिटांचं पाणी

२००९च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये रस्ते फुटू लागले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्टुडिओ सिटी भागात कोल्डवॉटर कॅनियन रस्त्याखालची, जवळजवळ शंभर वर्षांची मोठी जलवाहिनी फुटली आणि आसपासच्या घरांत चिखलपाणी शिरलं. पुढच्या काही दिवसांत, तिथून फार लांब नसलेल्या व्हॅली व्हिलेजमध्ये पाणी वाहतंय म्हणून अग्निशमन दलाचा बंब गेला, तर त्याच्याखालचाच रस्ता खचला आणि बंब तोंडावर खड्ड्यात गेला. हे सगळं दुष्काळात. पाणी वाचावं म्हणून शहरानं जूनपासून निर्बंध घातलेले होते: लॉनला पाणी आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी.

एवढे नळ एकाच हंगामात का फुटावेत, हे पाहायला शहरानं तज्ज्ञांची समिती नेमली. प्रमुख होते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक जाँ-पिएर बार्दे. २०१०मध्ये समितीनं सांगितलेलं कारण माझ्या धंद्यातल्या प्रत्येकानं पाठ करून ठेवावं असं आहे. ओतीव लोखंडाचे नळ जुने आणि गंजलेले होतेच. पण सोमवारी आणि गुरुवारी पहाटे शहरभरातले स्प्रिंकलर एकदम सुरू व्हायचे, नळांमधला दाब झपकन उतरायचा. पाणी बंद झालं की पुन्हा चढायचा. लोखंडाची पट्टी मागेपुढे वाकवत राहिलं की ती तुटते, तसे दाबाच्या या हेलकाव्यांनी गंजलेले नळ थकले आणि फुटले. म्हणजे लोकांनी नियम मोडला म्हणून नाही, लोकांनी तो निमूटपणे पाळला म्हणून नळ फुटले.

ऑगस्ट २०१०मध्ये शहरानं वेळापत्रक बदललं. विषम क्रमांकाच्या घरांना सोमवार, बुधवार, शुक्रवार. सम क्रमांकाच्या घरांना मंगळवार, गुरुवार, रविवार. मागणी विभागली गेली.

मी सिंचन तपासनीस आहे. राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलो, तेव्हा आमच्यापुढे ऊस, कांदा आणि डाळिंब असायचे. इथं लॉस एंजेलिसमध्ये माझ्यापुढे असतं लोकांच्या घरासमोरचं गवत. गावाकडे हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "गवताला पाणी घालायला माणूस लागतो?" घालायला लागत नाही, भिंतीवरची टायमरची पेटी ते करते. थांबवायला लागतो.

निर्बंधांचं दुखणं असं, की लोक वार मोजतात. वार रस्त्यावरून दिसतो. बुधवारी तुमचे स्प्रिंकलर चालू दिसले, तर शेजाऱ्यालाही कळतं आणि पाणीखात्याच्या माणसालाही. गवताला मात्र वार कळत नाही, त्याचा हिशेब मिलिमीटरचा. नियम नीट पाळायचा म्हणजे वारांचं मिलिमीटरमध्ये रूपांतर करायचं, आणि ते फारसं कुणी करत नाही.

निर्बंध दोन दिवसांचे असताना, शहराच्या व्हॅली भागात राहणाऱ्या एका निवृत्त मराठी काकांकडे गेलो होतो. अतिशय शिस्तीचे गृहस्थ, ठरलेल्या दिवसांपलीकडे थेंब नाही. टायमर उघडून पाहिला तर प्रत्येक भागाला पंचवीस मिनिटं. म्हटलं, "काका, इतकं?" म्हणाले, "अरे, दोनच दिवस मिळतात. मग पोटभर देऊन घेतो." काकू आतून म्हणाल्या, "एकादशी, दुप्पट खाशी." मी तपासणीच्या अहवालात तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी चाललं असतं.

नेहमीचा फवारणारा स्प्रिंकलर तासाला साधारण ३८ मिलिमीटर पाणी ओततो. आपल्याकडच्या चांगल्या धोधो सरीएवढं. व्हॅलीतली चिकणमाती तासाला पाचेक मिलिमीटर पिते, उतारावर त्याहून कमी. म्हणजे तीनचार मिनिटांत जमीन भरते आणि पुढचं पाणी पदपथावरून गटारात, तिथून लॉस एंजेलिस नदीच्या काँक्रीटच्या पात्रात आणि तिथून समुद्रात जातं. शंभर चौरस मीटर हिरवळीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर लिटर. काकांच्या पंचवीस मिनिटांचे सोळा मिलिमीटर, म्हणजे दर खेपेला सोळाशे लिटर. त्यातलं बरंचसं समुद्राला. आणि जे मुरतं तेही साठून राहत नाही, कारण रोज पाणी पिऊन लाडावलेल्या गवताची मुळं वीतभरसुद्धा खाली गेलेली नसतात. मुळांच्या थराखाली उतरलेलं पाणी गवताच्या उपयोगाचं नाही.

२०२२च्या जूनमध्ये दुष्काळ पुन्हा टोकाला गेला. दक्षिण कॅलिफोर्नियाला घाऊक पाणी पुरवणाऱ्या मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टनं, उत्तरेकडच्या कालव्यावर अवलंबून असलेल्या सुमारे साठ लाख लोकांवर कडक निर्बंध घातले. लॉस एंजेलिसनं तेव्हा तीनाचे दोन दिवस केले, आणि नियमात वारांबरोबर मिनिटंही होती: साध्या फवाऱ्याला दिवसाला आठ मिनिटं, सकाळी नऊ ते दुपारी चार पूर्ण बंद. मला तो नियम वाचून आनंद झाला. तो वारांवर थांबत नव्हता.

आठ मिनिटं म्हणजे पाच मिलिमीटर. दोन दिवसांचे दहा. आता भर जुलैत गवताला लागतं किती? कॅलिफोर्नियात हे ठरवायला हवामानकेंद्रांचं एक जाळं आहे, सिमिस नावाचं. राज्याच्या जलसंपदा विभागानं आणि डेव्हिसच्या विद्यापीठानं १९८२ साली ते उभारलं. तिथले आकडे घेऊन, गवताच्या जातीप्रमाणे गुणक लावून आम्ही हिशेब करतो. व्हॅलीच्या जुलैत बर्म्युडा गवताला आठवड्याला वीस-पंचवीस मिलिमीटर लागतात, फेस्क्यू जातीच्या थंडीतल्या गवताला तिसाच्या वर. मिळणार दहा. म्हणजे गवत पिवळं पडणार. हा हिशेबाचा दोष नाही, नियमाचा हेतूच तो आहे, आणि हे मी प्रत्येक दारात सरळ सांगतो. नियमही पाळायचा आणि हिरवंगारही ठेवायचं, असं औषध माझ्या पेटीत नाही.

पण पिवळं पडणं म्हणजे मरणं नव्हे. निदान बर्म्युडाच्या बाबतीत तरी नव्हे, कारण बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. तीच जी गणपतीला दूर्वा म्हणून वाहतात, आणि तीच जिच्या काश्या वेचता वेचता माझ्या आजोबांची कंबर मोडली. मे महिन्यात करपलेल्या बांधावर मृगाचा पाऊस पडला की चार दिवसांत ती कशी उठते, हे ज्यानं पाहिलंय त्याला हरळीच्या पिवळ्या रंगाची भीती वाटत नाही. जमिनीखालच्या खोडांत तिचा जीव असतो. आठवड्याला दहा मिलिमीटर तिला जगायला पुष्कळ. फेस्क्यू मात्र खरोखर मरतं, ठिपक्याठिपक्यांनी. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना मी सांगतो, मरू द्या, आणि पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दुसरं काहीतरी लावा.

ती आठ मिनिटंही एका दमात देऊ नयेत. चार द्या, तासभर मुरू द्या, पुन्हा चार द्या. दिवसाची मिनिटं तेवढीच राहतात आणि ओघळ थांबतो. फवारा सगळीकडे सारखा पडतो का, हे पाहायला हिरवळीवर एकाच मापाचे डबे मांडून त्यात जमलेलं पाणी मोजतात. अमेरिकी माणूस ट्यूनाचे रिकामे डबे मांडतो. आपल्या घरांतले स्टीलचे पेले चालत नाहीत, ते वर रुंद असतात. सरळ उभ्या कडांचं काहीही चालेल. एका डब्यात दोन बोटं आणि दुसऱ्याचा तळही ओला नाही, असं दिसलं की समजावं, कोरड्या कोपऱ्यासाठी आपण उरलेल्या लॉनला बुडवत होतो.

रंगावरून लोकांची जी तगमग होते ती मात्र माझ्या हिशेबात बसत नाही. २०१४च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य जलमंडळानं पाणी वाया घालवणाऱ्याला दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड ठरवला, आणि त्याच सुमाराला ग्लेंडोरा गावातल्या एका जोडप्याला त्यांच्या नगरपालिकेचं पत्र आलं, की तुमची हिरवळ पिवळी पडली आहे, सुधारा, नाहीतर दंड. पाणी घातलं तरी दंड, नाही घातलं तरी दंड. घरमालकांच्या सोसायट्यांचेही असेच फतवे निघत. त्याच वर्षी राज्यानं कायदा करून, दुष्काळात पाणी न घालणाऱ्या घरमालकाला दंड करण्याचा सोसायट्यांचा अधिकार काढून घेतला. मग गवताला हिरवा रंग फवारून देणाऱ्यांचा धंदा तेजीत आला. रंगाला माझी हरकत नाही, त्याला पाणी लागत नाही. प्लॅस्टिकच्या गवताला आहे. ते उन्हात इतकं तापतं की पोरांचे पाय भाजतात, आणि गार करायला लोक त्यावर पाणी मारतात.

पुढच्या वर्षी, १ एप्रिल २०१५ला, गव्हर्नर जेरी ब्राऊन सिएरा नेवाडा डोंगरात बर्फ मोजायच्या जागी उभे राहिले. एरवी तिथं माणसाच्या उंचीएवढा बर्फ असतो. त्या दिवशी पायाखाली सुकं गवत होतं. राज्यातला बर्फाचा साठा सरासरीच्या पाच टक्के. शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात सक्तीची झाली, आणि लोकांनी वर्षभरात जवळजवळ तेवढी करून दाखवली. त्यातलं बरंचसं हिरवळीतून आलं, कारण इथल्या घरगुती पाण्यातलं निम्मं घराबाहेर जातं. आंघोळ आणि स्वयंपाक न आखडता कापता येईल असं तेवढंच पाणी आहे.

यावर हटकून एक प्रश्न येतो, आणि तो योग्य आहे. राज्यात माणूस वापरतो त्यातलं ८० टक्के पाणी शेतीला जातं, बदामाच्या बागा वर्षानुवर्षं वाढत गेल्या, मग माझ्या दारातल्या गवतानं काय होणार? महाराष्ट्रात उसाबद्दल हेच विचारलं जातं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. मैदानाला लागणारं पाणी उसाच्या मानाने काहीच नव्हतं, हे तेव्हाही खरं होतं. पण ऊस आटोक्यात येईपर्यंत मैदानं भिजवत राहा, हे त्याचं उत्तर होत नाही. शेतीचं पाणी हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि तो सोडवायला हवा. शहराच्या टाकीतलं पाणी पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवायचं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो घराघरांत सुटतो.

एक गोष्ट मात्र नियम पाळणारी माणसं सर्रास विसरतात: झाडं. लॉनमधल्या झाडांना आयुष्यभर लॉनचंच पाणी मिळालेलं असतं, त्यांची मुळं वरवरच असतात. लॉनचं पाणी तोडलं की गवत तपकिरी होतं ते दिसतं. झाड मात्र दोन वर्षांनी वाळतं, तेव्हा कारण कुणाला आठवत नाही. २०१५च्या उन्हाळ्यात राज्याला मुद्दाम मोहीम काढून सांगावं लागलं की झाडांना पाणी द्या. लॉस एंजेलिसच्या नियमात बंद होणारी तोटी लावलेल्या नळीनं हातानं पाणी घालायला कुठल्याही दिवशी मुभा आहे, फक्त दुपारच्या उन्हात नाही. महिन्यातून एकदोनदा, फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं, नळी अगदी बारीक सोडून धरा. बुंध्याशी नको. गवत सहा महिन्यांत पुन्हा लावता येतं, पन्नास वर्षांचा ओक येत नाही.

२०२२-२३च्या हिवाळ्यात धो धो पाऊस झाला, निर्बंध सैल झाले, शहर पुन्हा तीन दिवसांवर आलं. आठ मिनिटांची शिस्त बऱ्याच पेट्यांतून पुसली गेली.

या धंद्यात पाणी सर्वांत जास्त वाया जाताना मी जुलैत पाहिलेलं नाही, दिवाळीच्या सुमारास पाहिलं आहे. दिवस लहान झालेले असतात, हवा गार असते, गवताची तहान उन्हाळ्याच्या निम्म्यावर येते आणि डिसेंबरात तिसऱ्या हिश्श्यावर. टायमर मात्र जुलैतच अडकलेला असतो. आठवड्याला जे दहा मिलिमीटर उन्हाळ्यात अर्धपोटी ठेवत होते, ते थंडीत हरळीला पुरून उरतात. पुण्यातल्या गृहसंकुलांतही वेगळं नाही. पाऊस परवाच थांबलेला असतो आणि माळी मे महिन्याच्या हिशेबानं नळी धरून उभा असतो, कारण त्याला कुणी थांब म्हटलेलं नसतं. पुण्याच्या वाचकांनी त्याला जाऊन सांगावं.

आणि कॅलिफोर्नियातल्या वाचकांनो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घ्याल, तेव्हा गॅरेजमधल्या त्या पेटीपाशीही जा आणि मिनिटं निम्मी करा.