२१ वॅटचा बल्ब

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीतली ही गोष्ट. आमचे गाव कराडजवळ आहे. माझे काका रोज पहाटे आसपासच्या वाड्यांवरचे दूध गोळा करून जुन्या पेट्रोल व्हॅनमधून डेअरीत पोचवतात. त्या दिवशी दूध भरून झाले आणि व्हॅन सुरूच होईना. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हते.

मी शाळेच्या हॉबी क्लबमध्ये मल्टिमीटर वापरायला शिकलो आहे. सुट्टीला जाताना एक छोटा मल्टिमीटर घेऊनही गेलो होतो. खरे सांगायचे तर तो घरच्यांना दाखवायची संधीच मी शोधत होतो. "काका, थांबा, मी बघतो," असे म्हणून मी पुढे झालो.

आधी स्पार्क प्लग काढला, वायरला जोडून इंजिनच्या धातूला टेकवून ठेवला आणि हात दूर घेऊन काकांना किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी निळी आणि जोरदार असायला हवी. ही पिवळसर, मरगळलेली होती. मग बॅटरी मोजली, १२.६ व्होल्ट. कॉइलकडे येणारी वायर काढून मोजली, १२.४ व्होल्ट. म्हणजे वीज येते आहे, ठिणगी मात्र नीट नाही. मी ठामपणे सांगितले, "कॉइल गेली आहे."

काकांनी एका शब्दाने शंका घेतली नाही. शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन ते कराडला गेले आणि नवी कॉइल घेऊन आले. ती बसवेपर्यंत ऊन चढले होते. किल्ली फिरवली. व्हॅन तशीच. दूध नासले. ज्यांचे दूध होते त्यांना काकांनी त्या दिवसाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. मला एवढेच म्हणाले, "असू दे, तू प्रयत्न केलास." ते रागावले असते तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी बाबा सुट्टीवर आले. ते सैन्यात ईएमईमध्ये गाड्यांचे मेकॅनिक आहेत. मी सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "१२.४ व्होल्ट आले. पण लोड टाकून किती आले?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

बाबांनी व्हॅनच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा जादा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या, एकीला चिमटा लावला. झाला टेस्ट लॅम्प. बॅटरीवर लावताच तो लख्ख पेटला. मग चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून दुसरे टोक कॉइलच्या त्याच वायरला लावले. बल्बची तार नुसती तांबूस झाली, विझत्या निखाऱ्यासारखी.

"आता मागे मागे जा," बाबा म्हणाले. मी एकेक जोड तपासत गेलो. डॅशबोर्डखालच्या एका जोडाच्या अलीकडे बल्ब मंद, पलीकडे लख्ख. जोड उघडला तर आत हिरवट कीट साचला होता. पॉलिश पेपरने घासून परत बसवला. बाबांनी मुद्दाम जुनीच कॉइल लावायला सांगितली. पहिल्याच फेरीत व्हॅन सुरू झाली!

असे का झाले? मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे खराब जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. एवढा करंट वाहू लागला की खराब जोडातच बरेचसे व्होल्टेज खर्च होते आणि बल्ब मंद पडतो. कॉइललाही काही अँपिअर लागतात, म्हणून ठिणगी मरगळलेली होती.

बाबांनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर फ्यूजच्या जागी हा बल्ब जोडून वायरी हलवत जायचे. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख असतो, शॉर्ट सुटला की मंद होतो किंवा विझतो. दुसरी गोष्ट सावधगिरीची. नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरच्या, सेन्सरच्या आणि एअरबॅगच्या वायरींना हा बल्ब कधीही लावायचा नाही. ठिणगी तपासताना आसपास पेट्रोलचा वासही नको.

त्या रात्री मी काकांना सांगितले की मला कॉइलबद्दल खात्री नव्हती, तरी मी खात्री असल्यासारखा बोललो. काका हसले आणि म्हणाले, "नवी कॉइल ठेवून देऊ, कधीतरी लागेल." पण नासलेल्या दुधाचे काय, ते दोघांनाही माहीत होते.

आपल्या शाळेत इन्स्पेक्शनला आपण सगळेच कडक दिसतो. क्रॉस कंट्रीच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये कोण किती पाण्यात आहे ते कळते. त्या सकाळी मी नुसता इन्स्पेक्शनवाला होतो.

तो बल्ब आता माझ्या ट्रंकेत आहे. हॉबी क्लबच्या ज्युनिअर्सना हवा असेल तर जरूर मागावा. बनवायला दहा मिनिटे लागतात.

जय हिंद!