हुंकारा

सातपुड्याच्या पायथ्याला गोष्ट सांगणारा एकटा कधी सांगत नाही. तो एक वाक्य पुरं करतो, थांबतो, आणि अंधारातून कुणीतरी ‘हूं’ म्हणतं. मग पुढचं वाक्य. हा हुंकारा देणारा बहुतेक ठरलेला असतो. एखादा म्हातारा, नाहीतर घरातला जागरणाला पक्का असलेला पोरगा. त्याचा हूं लांबला की सांगणारा विचारतो, ‘झोपले का रे सगळे?’ आणि कुणी उत्तर दिलं नाही तर गोष्ट तिथंच ठेवून स्वतःही गोधडी ओढून घेतो. गोष्ट अर्धी राहिल्याचं त्याला दुःख नसतं. ऐकणारा संपला म्हणजे गोष्ट संपली, इतका सरळ हिशेब आहे.

रानातल्या भीतीच्या गोष्टीत तर मी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघणं केव्हाच सोडून दिलं. कान हुंकाऱ्यावर ठेवावा. सुरुवातीचे हूं जाड, आळसावलेले असतात. नायक घाट चढू लागतो, दिवस कलतो, तसे ते बारीक होतात. मग एक जागा येते जिथं हूं उशिरा येतो, आणि आला तरी घशातच राहतो. ती जागा सांगणाऱ्याने ठरवलेली नसते. ती ऐकणाऱ्यांनी ठरवलेली असते, आणि कसलेला सांगणारा तिथं बरोबर पाय रोवतो.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर हे सगळं फार जवळून दिसतं. हिवाळ्यात गावाबाहेरची जमीनच्या जमीन लाल होते. दिवसभर बाया देठ खुडतात, पुरुष मिरची पालथतात, आणि रात्री राखण करणारे व मुक्कामाला राहिलेले मजूर शेकोटी करतात. शेकोटीत पऱ्हाट्या घालायच्या, चुकूनही मिरचीचा देठ पडू द्यायचा नाही, नाहीतर सगळ्या मंडळींना ठसका लागतो आणि गोष्ट मोडते. अशा एका शेकोटीवर धडगावकडचा एक म्हातारा राखणदार चांदसैली घाटातली गोष्ट सांगत होता. संध्याकाळी एकटा घाट उतरणारा माणूस. पुढे वळणावर आणखी एक माणूस चाललेला. हातात दिवा नाही, खांद्यावर काही नाही. याने पाय उचलला की तो तेवढाच पुढे, हा थांबला की तोही थांबलेला. हाक मारली तर मागं वळून न बघता हात वर करतो.

शहाद्याकडच्या सपाटीवरून आलेला एक तरुण पटकन म्हणाला, ‘कोण व्हता तो?’ आणि म्हणता म्हणता त्याने मागच्या अंधाराकडे एकदा बघून घेतलं. डोंगरातून आलेली एक बाई मात्र गुडघ्यावर हनुवटी ठेवून शांतपणे विचारत होती: कोणत्या वळणावर? ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? मोहाच्या झाडाच्या खालची वाट की वरची? कुत्रं होतं का बरोबर? कुत्रं भुंकलं की गप्प बसलं? म्हाताऱ्याने एकेक उत्तर दिलं. तिने ते मनात नीट ठेवलेलं दिसलं. तिचा चेहरा घाबरलेल्या माणसाचा नव्हता, पण ती गोष्ट तिने कुणाहीपेक्षा जास्त खरी मानली होती.

मला तेव्हापासून वाटत आलंय की एकाच गोष्टीला दोन जातींचे कान असतात. रान ज्याने बसच्या खिडकीतून पाहिलं, तो ‘कोण’ विचारतो. त्या रानातून ज्याला उद्या सकाळी पुन्हा जायचंय, तो ‘कुठं’ विचारतो. पहिल्याला अंगावरचा काटा पुरतो. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, काटा येतो, आणि शेकोटीजवळ बसून तो अनुभवायला बरंही वाटतं. दुसऱ्याला त्या गोष्टीतून काहीतरी घरी न्यायचं असतं. मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत पहाटे झाडाखाली अस्वल असू शकतं. फुलं वेचायला बाया त्याच वेळी निघतात. झाडाखालच्या काळ्या केसाळ बाईची गोष्ट ज्या पोरीने ऐकली आहे, ती झाडाजवळ जाण्याआधी लांबून खाकरते, बरोबरीच्या बाईला हाक मारते. गोष्टीतली बाई खोटी असेल. खाकरणं खरं आहे, आणि त्या आवाजाने अस्वल बहुधा वाट सोडतं हेही खरं आहे.

चांदसैली घाटाची भीती नुसत्या गोष्टींची नाहीच. तळोद्याकडून कोठारवरून धडगावला जाणारा हा रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो. 2021 च्या सप्टेंबरात असाच तो बंद पडलेला असताना आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघालेल्या माणसाची बायको वाटेतच गेली. 2025 च्या धनत्रयोदशीच्या दिवशी अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप याच घाटात कोसळली आणि तरणी माणसं दगावली. हे प्रसंगही आता शेकोटीवर सांगितले जातात. फरक एवढाच की ते सांगताना हुंकारा कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. ऐकणारे खाली बघतात, काडीने राख उकरतात. भुताच्या गोष्टीत ज्यांना जागा नेमकी हवी असते तेही इथं वळण विचारत नाहीत, कारण ते त्यांना पाठ आहे.

अस्तंबा म्हणजे अश्वत्थाम्याचा डोंगर. सातपुड्यातल्या या शिखरावर दिवाळीच्या तोंडावर यात्रा भरते. खानदेशातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून माणसं रात्रीच्या वेळी, काठ्या आणि विजेऱ्या घेऊन डोंगर चढतात. झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारल्याबद्दल कपाळावरचा मणी काढून घेतलेला, भळभळती जखम घेऊन हजारो वर्षं भटकण्याचा शाप मिळालेला अश्वत्थामा याच रानात फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूला वाटही दाखवतो, अशी इथली समजूत. मी जगातल्या भीतीच्या कथा ज्या काही वाचल्या त्यांत रात्री रानात भेटणारा, कपाळातून रक्त वाहणारा, कधीच न मरणारा पुरुष ही सर्वांत भयंकर कल्पना ठरायला हवी. पण ऐकणाऱ्यांनी तिचं काय केलं आहे ते बघा. लहानपणी मी ही कथा ऐकत होतो तेव्हा शेजारी बसलेल्या एका चिमुरडीने मध्येच तोंड घातलं, ‘मग दिलं का त्याला तेल?’ सांगणारी आजी थबकली. तिच्या गोष्टीत देण्याचा प्रसंगच नव्हता. ‘दिलं गं माय,’ ती म्हणाली, आणि त्या रात्रीपासून त्या घरातल्या गोष्टीत एक बाई दारातून बाहेर येऊन वाटीभर तेल ओतू लागली. महाभारताने दिलेला शाप त्या पोरीच्या एका प्रश्नाने उसवला. इतकी ताकद मी कुठल्या समीक्षेत पाहिलेली नाही.

हीच कथा घाट उतरून पुण्यामुंबईकडे जाते तेव्हा तिचे ऐकणारे बदलतात. नर्मदा परिक्रमा करून आलेल्यांची अनुभवकथनं मराठी घरांत आणि सभागृहांत मोठ्या भक्तीने ऐकली जातात. जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’नंतर तर कितीतरी जणांच्या मनात ती वाट रुजली. या कथनांत एक टप्पा हमखास येतो, तो शूलपाणीच्या झाडीचा. मैया दोन्ही अंगांच्या डोंगरांतून वाहते, एका काठाला आपला अक्राणी आणि अक्कलकुवा तालुका. सांगणारा आवाज खाली आणतो: आता भिल्ल येणार, अंगावरचं सगळं काढून घेणार, लंगोटीपुरतं ठेवणार. सभागृह श्वास रोखतं. मग पुढे सुटकेचा प्रसंग येतो, कुणी अनोळखी उंच माणूस भेटतो, त्याच्या कपाळाला फडकं बांधलेलं असतं, आणि हात आपोआप जोडले जातात. त्या भक्तिभावाबद्दल मला आदर आहे. पण नंदुरबारच्या मातीत वाढलेल्या माणसाला तिथं हुंकारा देणं जड जातं. ज्यांना त्या गोष्टीत झाडीतून बाहेर येताना पाहून सभागृह दचकतं, त्यांच्या झोपडीत मी दादर ज्वारीची भाकरी खाल्ली आहे. त्या झोपडीतही रात्री भीतीच्या गोष्टी होतात, आणि त्यांत झाडीतून बाहेर येतो तो खाकी कपड्यातला माणूस. तो कोंबडी मागतो, कुऱ्हाड काढून घेतो, नाव लिहून नेतो. रान एकच आणि अंधारही एकच. कुणाच्या पोरांना कुणाची भीती घालायची, हे कोण कुठल्या बाजूला बसून ऐकतंय त्यावर ठरतं.

आणि एक गोष्ट अशी आहे, जिला हुंकारा देऊच नये. डाकिणीची. नाव नसलेली, पाय उलटे असलेली, झाडावरून उतरणारी डाकीण पोरं कितीही रात्री ऐकोत, त्यातून कुणाचं काही बिघडत नाही. पण पाड्यात एखादं मूल तापाने जातं, बैल अचानक बसतो, आणि मग शेकोटीवर कुणीतरी तोच प्रश्न टाकतं, ‘कोण?’ एरवी जिथं ‘कुठं’ विचारतात त्या माणसांत हा प्रश्न आला की समजावं, गोष्ट आता गोष्ट राहिलेली नाही. भगताकडे जाणं होतं, उत्तरादाखल एखाद्या विधवेचं, एखाद्या एकट्या म्हातारीचं, जमिनीच्या वादात अडकलेल्या बाईचं नाव येतं. मारहाण, गावाबाहेर काढणं, जीव जाणं, हे सगळं या जिल्ह्यात घडलेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला आणि डाकीण ठरवून छळणं हा गुन्हा झाला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या पाड्यांवर जातात, बैठका घेतात. पोलिसांच्या आधी, कायद्याच्याही आधी, त्या शेकोटीवर काय होतं याला मी फार किंमत देतो. नाव उच्चारलं गेलं आणि पाच जणांनी ‘हूं’ म्हटलं, की ते नाव पक्कं झालं. एकाने जरी ‘उगीच काय बोलतो, तिने माझ्या पोराला दूध पाजलंय’ म्हटलं, तर गोष्ट अडखळते. अडखळलेली गोष्ट पुन्हा चालू करणं सांगणाऱ्याला फार कठीण जातं. असं बोलणाऱ्या बाया या डोंगरात आहेत. त्यांचं धाडस मी कुठल्याही वाघाच्या शिकारीपेक्षा मोठं मानतो.

वाघ म्हटलं की आठवलं. या पट्ट्यात शिवेवर वाघदेव असतो, लाकडावर किंवा दगडावर कोरलेला. रानातला वाघ गेला, देव राहिला, आणि गोष्टीतला वाघ आता बिबट्याच्या रूपाने उसात येऊन बसला आहे. शहादा-तळोद्याच्या उसाच्या पट्ट्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असली की माणसाला रात्रीच पाणी भरायला जावं लागतं. खांद्यावर फावडं, हातात विजेरी, खिशात मोबाईल, आणि मोबाईलवर मोठ्याने लावलेली भुताची गोष्ट! अशा एकाला मी विचारलं, ‘बाबा, एवढ्या अंधारात हेच कशाला ऐकतोस?’ तो म्हणाला, ‘आवाज पाहिजे भाऊ. बिबट्यालाही समजलं पाहिजे की इथं माणसं आहेत.’ ऊसतोडीला गुजरातेत गेलेली पोरंही पालात अशाच गोष्टी ऐकत झोपतात. त्या गोष्टींतलं रान कुठलं तरी असतं, सांगणाऱ्याला पोरांचा हूं ऐकू येत नाही, आणि कुणी तेलाचा प्रश्न विचारला तरी गोष्टीत तेल येत नाही. तरी पोरं सवयीने ‘हूं’ म्हणतात, हे मी कानांनी ऐकलंय.

सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी आणि अक्कलकुव्याची 33 गावं गाठली. मणिबेलीपासून सुरुवात झाली. कितीतरी घरं डोंगरातून उतरून तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर आली, सोमावल, रेवानगर, वडछील अशा वसाहतींत. त्यांच्याबरोबर गोष्टीही उतरल्या, पण गोष्टींच्या जागा वर राहिल्या, म्हणजे खाली राहिल्या, पाण्यात. अशा एका वसाहतीत एक आजी नदीकाठच्या खडकाची गोष्ट सांगत होती. दिवस मावळला की त्या खडकावर कुणी बसायचं नाही, बसलं की पाण्यातून कुणीतरी पाय धरतं. नातवाने रीतीप्रमाणे विचारलं, ‘कुठं आहे तो खडक?’ आजी म्हणाली, ‘बुडाला.’ पोरांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. बुडालेल्या खडकावर कोण कशाला बसेल?

आजीने दोन रात्री ती गोष्ट सांगितलीच नाही. मग पुन्हा काढली, तेव्हा खडक गेलेला होता. त्याच्या जागी पाटचारीवरची मोरी आली होती, शेजारी दाट ऊस, आणि पाय धरणारं जे काही होतं ते आता त्या मोरीच्या नळ्यात बसत होतं. पोरं एकदम सरसावली. कोणती मोरी? वळणावरची की शाळेकडची? कुणाच्या शेताला लागून? पाणी सोडलेलं असताना की कोरडी असताना? शेळ्या राखणारी पोरगी तर उठून बसली, ‘मी तर रोज तिथूनच जाते.’ आजी म्हणाली, ‘मग जाऊ नको.’ पलीकडच्या शिवारात वनखात्याने बिबट्यासाठी पिंजरा लावलेला होताच. दुसऱ्या दिवशी त्या पोरीने शेळ्या लांबच्या बांधाने नेल्या, आणि वाटेत भेटलेल्या दोघा-तिघा पोरांना मोरीची गोष्ट सांगितली. त्यांनीही आधी तिला जागाच विचारली.